हे काम तुम्हाला जमेल का? ‘सुनिश्चित पदे’ या दोन शब्दांचा इतिहास

१/२१
डिसेंबर १९९५ मध्ये भारताच्या संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा संमत केला. सरकारी आस्थापनांत किमान तीन टक्के जागा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, असे बंधन त्यातील कलम ३३ ने शासनावर घातले. आकडा स्पष्ट होता, बंधनही स्पष्ट होते. तरीही हे तीन टक्के नेमके कशाचे मोजायचे, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल लागायला ऑक्टोबर २०१३ उजाडला. या विलंबाचे मूळ कलमाच्या शेवटी आलेल्या एका अटीत होते. राखीव जागा ‘सुनिश्चित केलेल्या पदांवर’ द्यायच्या होत्या. ती पदे कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषांवर ठरवायची, हा या धाग्याचा विषय आहे.

२/२१
आधी राज्यघटनेकडे पाहू. अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. अनुच्छेद ४१ मध्ये त्याचा उल्लेख येतो, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या पुस्तीसह. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची नववी नोंद तर अधिक बोलकी आहे. तिच्यात अपंग आणि रोजगारास अपात्र अशा व्यक्तींना एकाच ओळीत बसवले असून, विषय आहे त्यांना साहाय्य करण्याचा. अपंग मनुष्य काम करू शकत नाही, त्याला आधार द्यायचा असतो, ही त्या काळची सर्वमान्य समजूत त्या नोंदीत उतरली होती.

३/२१
केंद्र शासनाने नोव्हेंबर १९७७ मध्ये एका कार्यालयीन ज्ञापनाद्वारे नोकरीत तीन टक्के आरक्षण दिले. एक टक्का दृष्टिहीनांना, एक टक्का कर्णबधिरांना आणि एक टक्का अस्थिव्यंग असलेल्यांना. परंतु हे आरक्षण फक्त ‘क’ आणि ‘ड’ गटांपुरते होते. म्हणजे लिपिक, शिपाई आणि त्यांच्या समकक्ष पदांपुरते. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतील अधिकारपदे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. शिवाय ज्ञापन म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या खात्याने ते पाळले नाही तर जाब विचारण्याची सोय जवळजवळ नव्हतीच.

४/२१
या अवस्थेविरुद्धचा असंतोष लवकरच रस्त्यावर आला. १६ मार्च १९८० रोजी रोजगाराच्या मागण्या घेऊन दिल्लीत निघालेल्या दृष्टिहीनांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. पुढचेच वर्ष, १९८१, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून घोषित केलेले होते. मोर्चामागे १९७० मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय दृष्टिहीन महासंघ, अर्थात नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड होता. ही दृष्टिहीनांची स्वतःची संघटना होती. त्यांच्यासाठी इतरांनी चालवलेल्या धर्मादाय संस्थांहून तिची भाषा वेगळी होती. तिला मदत नको होती, नेमणूक हवी होती. पुढील तीस वर्षांतील महत्त्वाच्या खटल्यांवर याच संघटनेचे नाव वारंवार दिसते.

५/२१
पदसुनिश्चितीची कल्पना याच दशकात आकाराला आली. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतील कोणती कामे अपंग व्यक्ती करू शकतील, हे तपासण्यासाठी शासनाने समिती नेमली आणि १९८६ मध्ये अशा चारशेहून अधिक पदांची यादी मान्य केली. वरकरणी हे पुढचे पाऊल होते. मात्र त्यात एक मूलभूत उलटापालट दडलेली होती. एरवी उमेदवार परीक्षा देतो आणि त्याची पात्रता त्यातून ठरते. इथे उमेदवार समोर येण्यापूर्वीच, त्याला न पाहता, त्याच्या संपूर्ण वर्गाला कोणते काम जमेल आणि कोणते जमणार नाही, हे कागदावर ठरत होते.

६/२१
आणि यादीत पद असूनही त्या पदाच्या परीक्षेला बसता येत नव्हते, असा विरोधाभास होता. भारतीय प्रशासकीय सेवेसह वरिष्ठ सेवांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेत असे. दृष्टिहीन उमेदवाराला ती ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साहाय्याने देण्याची मुभा नव्हती. महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ मार्च १९९३ रोजी निकाल लागला. शासनाने स्वतःच ‘अ’ आणि ‘ब’ गटांतील काही पदे दृष्टिहीनांना योग्य ठरवली आहेत, तर त्यांना परीक्षेला बसू न देण्यास आधारच उरत नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा गाभा होता. ब्रेल किंवा लेखनिक यांपैकी एका मार्गाने परीक्षा देऊ द्यावी, असा आदेश आयोगाला झाला.

७/२१
या खटल्यात महासंघाची बाजू संतोषकुमार रुंगटा यांनी मांडली. ते वकील होते आणि स्वतः दृष्टिहीन होते. तारखा आणि तपशील ते कागद न पाहता स्मरणातून सांगत. न्यायमूर्तींनी त्यांच्या युक्तिवादाची प्रशंसा निकालपत्रातच नोंदवली. दृष्टिहीन मनुष्य बौद्धिक जबाबदारीचे काम करू शकतो का, हा प्रश्न ज्या न्यायालयापुढे होता, त्याच न्यायालयात त्या प्रश्नाचे उत्तर युक्तिवाद करीत उभे होते. रुंगटा पुढे ज्येष्ठ अधिवक्ता झाले.

८/२१
१९९३ च्या निकालाला मर्यादाही होती. ‘अ’ आणि ‘ब’ गटांत आरक्षण द्यावे, ही मागणी न्यायालयाने आदेशाच्या रूपात मान्य केली नाही. तो निर्णय शासनाने लवकर घ्यावा, एवढेच सांगितले. परीक्षेचे दार उघडले, पण दारापलीकडे जागा राखून ठेवण्याचे बंधन शासनावर नव्हते. त्यासाठी संसदेचा कायदा हवा होता.

९/२१
कायदा करण्यात एक घटनात्मक अडचण होती. वर उल्लेखिलेल्या नोंदीमुळे हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येत होता. संसदेला देशभर लागू होणारा कायदा कसा करता येणार? मार्ग बीजिंगमधून निघाला. डिसेंबर १९९२ मध्ये तेथे आशिया व पॅसिफिक प्रदेशातील देशांची परिषद भरली आणि अपंग व्यक्तींच्या पूर्ण सहभागाचा व समानतेचा जाहीरनामा स्वीकारला गेला. भारताने त्यावर स्वाक्षरी केली. आंतरराष्ट्रीय बांधिलकी पार पाडण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, असे अनुच्छेद २५३ सांगतो. याच आधारावर १९९५ चा कायदा उभा राहिला. १ जानेवारी १९९६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला.

१०/२१
आता मूळ कलमांकडे वळू. कलम ३२ नुसार राखीव ठेवता येतील अशी पदे शासनाने सुनिश्चित करायची आणि जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने त्या यादीचा आढावा घ्यायचा. कलम ३३ नुसार प्रत्येक आस्थापनेत किमान तीन टक्के रिक्त पदे राखायची, त्यांपैकी एकेक टक्का तीन प्रवर्गांना, आणि तीही सुनिश्चित पदांवर. कलम ३३ मध्ये ‘अ, ब, क, ड’ असा भेद कोठेही नव्हता. १९७७ च्या ज्ञापनाची मर्यादा कायद्याने पुसली होती. प्रशासनाने ती वेगळ्या वाटेने परत आणली.

११/२१
२९ डिसेंबर २००५ च्या ज्ञापनाने केंद्राने हिशोबाची पद्धत ठरवून दिली. ‘क’ आणि ‘ड’ गटांत तीन टक्के एकूण रिक्त पदांवर मोजायचे, मात्र ‘अ’ आणि ‘ब’ गटांत केवळ सुनिश्चित पदांमधील रिक्त जागांवर. फरक समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संवर्गात १,००० जागा भरायच्या आहेत आणि त्यांतील २०० जागा सुनिश्चित पदांच्या आहेत. एकूण जागांवर हिशोब केला तर ३० जागा राखीव होतात. सुनिश्चित पदांवर केला तर अवघ्या सहा. कायदा तोच, टक्केवारी तीच. बाकीच्या चोवीस जागा निव्वळ भागाकारात नाहीशा होतात. आणि सुनिश्चितीच केली नाही, तर उत्तर शून्य येते.

१२/२१
हे शून्य प्रत्यक्ष एका उमेदवाराच्या वाट्याला आले. रविप्रकाश गुप्ता हे पूर्णतः दृष्टिहीन उमेदवार २००६ च्या नागरी सेवा परीक्षेत यशस्वी ठरले. दृष्टिहीनांसाठी पुरेशा जागा नसल्याचे सांगून त्यांना नियुक्ती नाकारण्यात आली. पदे सुनिश्चित झाल्यानंतरच आरक्षण लागू होते, असा शासनाचा युक्तिवाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि ७ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळला. सुनिश्चिती ही कलम ३३ खालील नियुक्तीची पूर्वअट मानली, तर शासनाने काहीच न करून संसदेचा कायदा निष्फळ ठरवावा असा अर्थ होईल, हे न्यायालयाने स्पष्ट केले. स्वतःच्या दिरंगाईचा लाभ शासनाला घेता येणार नाही, हा या निकालाचा इत्यर्थ.

१३/२१
मोजणीचा मुख्य प्रश्न मात्र शिल्लक होता. तो राष्ट्रीय दृष्टिहीन महासंघाने २००६ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात नेला होता. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने १९ डिसेंबर २००८ रोजी महासंघाच्या बाजूने निर्णय दिला. केंद्राने त्याविरुद्ध अपील केले. पुढे जवळपास पाच वर्षे गेली. नागरी सेवा परीक्षेला वयाची कमाल मर्यादा असते आणि प्रयत्नांची संख्याही ठरलेली असते. न्यायालयात तारखा पडत असताना किती उमेदवारांचे वय उलटून गेले, याचा हिशोब कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

१४/२१
८ ऑक्टोबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्या पीठाने अंतिम निर्णय दिला. चारही गटांत आरक्षणाची गणना एकाच पद्धतीने, संवर्गसंख्येतील एकूण रिक्त पदांवर करायची, असे ठरले. पन्नास टक्क्यांची कमाल मर्यादा या आरक्षणाच्या आड येते, हा केंद्राचा मुद्दा न्यायालयाने नाकारला. रिक्त पदांची गणना आणि पदसुनिश्चिती पूर्ण करण्यास तीन महिन्यांची मुदत मिळाली. आदेश न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी, असेही निर्देश झाले. अपंग व्यक्ती रोजगाराबाहेर राहतात त्या त्यांच्या अपंगत्वामुळे नव्हे, समाजाने उभारलेल्या अडथळ्यांमुळे, असे निरीक्षण या निकालात आहे.

१५/२१
लढाई तेवढ्यावर थांबली नाही. आरक्षण फक्त प्रवेशाच्या वेळी की पदोन्नतीतही, हा पुढचा वाद. प्रसारभारतीतील अभियंत्यांच्या प्रकरणात ३० जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पद कोणत्याही मार्गाने भरले जात असो, ते सुनिश्चित असेल तर आरक्षण लागू होईल. जानेवारी २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय कायम ठेवला. जून २०२१ मध्ये केरळमधील एका महिला कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आणखी एक गाठ सुटली. मूळ नेमणूक राखीव जागेवर झालेली नसली, तरी पदोन्नतीतील आरक्षणाचा हक्क राहतो. सुनिश्चिती झाली नसल्याची सबब इथेही निघाली होती. न्यायालयाने केरळ राज्याला त्यासाठी तीन महिने दिले.

१६/२१
दरम्यान कायदाच बदलला. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांवरून एकवीस झाले, आरक्षण तीनवरून चार टक्के. दोन बदल या कथेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. कलम ३४ मध्ये ‘संवर्गसंख्येतील एकूण रिक्त पदे’ असे शब्द थेट घातले गेले, म्हणजे २०१३ च्या निकालातील मोजणी आता कायद्याची भाषा झाली. आणि पदसुनिश्चिती करणाऱ्या तज्ज्ञ समितीत दिव्यांग व्यक्तींना प्रतिनिधित्व देणे कलम ३३ ने बंधनकारक केले. ज्यांच्याविषयी निर्णय होतो, त्यांना निर्णयाच्या खोलीत जागा मिळाली.

१७/२१
यादी बदलली तरी तिच्यामागची समजूत लगेच बदलत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची कहाणी महाराष्ट्राला परिचित आहे. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेतील यशानंतर त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली होती. पूर्ण दृष्टिहीनतेचे कारण देऊन ती नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत त्यांनी देशात १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली. ज्या व्यक्तीला लेखा सेवेतील काम झेपणार नाही असे ठरवले गेले होते, तीच व्यक्ती काही वर्षांत महसूल प्रशासन सांभाळू लागली. चूक व्यक्तीच्या क्षमतेत नव्हती, ती क्षमता मोजण्याच्या पद्धतीत होती.

१८/२१
ही पद्धत बदलण्याचे साधन म्हणजे ‘वाजवी सोयीसुविधा’ ही कायदेशीर संकल्पना. तिचा अर्थ असा की व्यक्तीला काम जमते का, हे विचारण्यापूर्वी, आवश्यक ती सोय दिल्यावर जमेल का, हे विचारायचे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २००९ मध्येच, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका उमेदवाराला बँकेने नोकरी नाकारल्याच्या प्रकरणात, हे तत्त्व जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडले होते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला भक्कम पाया दिला. लेखनविकारामुळे लेखनिक मागणाऱ्या या उमेदवाराला, चाळीस टक्के ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ नाही म्हणून लोकसेवा आयोगाने नकार दिला होता. लेखनिकाचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ठरवले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्यानुसार मार्गदर्शक सूचना काढल्या.

१९/२१
टक्केवारी उलट्या बाजूनेही आड येत असे. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सोय नाही, आणि चाळीस किंवा अधिक असेल तर काही अभ्यासक्रमांना प्रवेशच नाही. बोलण्याशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला या दुसऱ्या नियमामुळे वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दिलेल्या निकालानुसार, केवळ आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही. हे दिव्यांगत्व प्रत्यक्ष अभ्यासक्रमाच्या आड येते का, हे वैद्यकीय मंडळाने त्या विद्यार्थ्याबाबत तपासले पाहिजे. १९८६ च्या यादीने वर्गाकडे पाहिले होते. आता न्यायालय व्यक्तीकडे पाहण्यास सांगत होते.

२०/२१
शेवटचा टप्पा खुद्द न्यायासनाचा होता. दृष्टिहीन व्यक्ती न्यायाधीश होऊ शकते का? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका प्रकरणात दिवाणी न्यायाधीशपदासाठी दिव्यांगत्वाची मर्यादा चाळीस ते पन्नास टक्के ठेवणारी अट वैध ठरवली होती. २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. राज्याच्या न्यायिक सेवा नियमांत दृष्टिहीनांना संपूर्ण बंदी होती. पत्राचीच याचिका झाली. ३ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने तो नियम रद्द केला. केवळ दृष्टिहीनतेच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा मिळाला.

२१/२१
१९७७ मध्ये लिपिकाच्या खुर्चीपासून सुरू झालेला प्रवास २०२५ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत आला. या वाटेवर संसदेने दोन कायदे केले, पण त्यांतील जवळपास प्रत्येक शब्दाचा अर्थ एखाद्या उमेदवाराला, त्याच्या संघटनेला किंवा त्याच्या आईला न्यायालयातून मिळवून घ्यावा लागला. हेच या इतिहासाचे बळ आहे आणि हेच त्याचे वैगुण्यही. हक्क कागदावर असताना तो दरवेळी याचिकेतून सोडवून आणावा लागत असेल, तर ज्याला वकील परवडत नाही, दिल्ली दूर आहे आणि वय उलटत चालले आहे, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. पदसुनिश्चितीच्या याद्या आजही निघतात, बिंदुनामावल्या आजही तयार होतात आणि अनुशेषही साचतो. अशी यादी समोर आली की तिच्यात किती पदे आहेत एवढेच मोजून थांबू नये. कोणते पद गाळले, ते कोणत्या कारणाने आणि कोणाला विचारून गाळले, हेही विचारावे. १९९३ पासूनच्या या खटल्यांनी तो प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाच्या हाती ठेवला आहे.

(समाप्त)